धूम्रपानत्यागाची प्रेरणा : रुग्णात ती असते, चिकित्सकाने ती शोधावयाची असते

सन २०१६-१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची दुसरी फेरी पार पाडली. त्यातील काही आकडे आपल्या व्यवसायबंधूंनी टिपून ठेवण्याजोगे आहेत. देशातील ९२.४ टक्के प्रौढांना धूम्रपानाने गंभीर आजार होतो हे ठाऊक होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याच्या विचारात किंवा तयारीत होते आणि ३८.५ टक्के लोकांनी आदल्या बारा महिन्यांत तसा प्रयत्नही केलेला होता. त्याच बारा महिन्यांत जे धूम्रपानी चिकित्सकाकडे जाऊन आले, त्यांपैकी बिडी-सिगारेट सोडण्याचा सल्ला मिळालेले मात्र ४८.८ टक्केच निघाले. निम्म्याहून अधिकांना कोणी विचारलेच नाही.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. आपल्यासमोर बसलेल्या रुग्णास बिडी वाईट आहे हे सांगण्याची फारशी आवश्यकता उरलेली नाही. ते त्यास माहीत आहे. सोडावी असेही त्यास अनेकदा वाटून गेलेले असते. तरीही आपण त्यास नेमके तेच सांगत बसतो, आणि बहुधा रागावून सांगतो. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे हेच करीत होता, म्हणून प्रथम स्वतःच्याच चुकीचे उदाहरण देतो.

धानाची शेती करणारे, पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ कास आणि श्वासाच्या तक्रारीसाठी माझ्या चिकित्सालयात आले. दिवसाला दोन डझन बिड्या. मी त्यांना भिंतीवरील फुप्फुसाचे चित्र दाखविले, कर्करोगाचे वर्णन केले आणि बिडी सोडल्याशिवाय औषध देणार नाही असेही त्या भरात बोलून गेलो. "सुटत नाही जी, डॉक्टरसाहेब," एवढेच ते म्हणाले, आणि गेले. नंतर तीन वर्षे ते आले नाहीत. आले तेव्हा पायऱ्या चढताना दोन ठिकाणी थांबून आले. मधल्या काळात बिडी सुटली नव्हतीच, चिकित्सा मात्र सुटली होती. त्यांच्या श्वासाची ही तीन वर्षे माझ्या रागामुळे वाया गेली, असे मला आजही वाटते.

आपल्या जिल्ह्यातील बिडी

भंडारा जिल्ह्यात बिडी हे केवळ व्यसन नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या मोठ्या भंडारा जिल्ह्यात धान, पितळेची भांडी आणि कोसा यांच्या बरोबरीने बिडी हा मुख्य उद्योग होता. जंगलात तेंदूची पाने मुबलक आणि शेतीचा हंगाम संपल्यावर हातांना काम नाही, अशा स्थितीत बिडी वळण्याच्या मजुरीने हजारो चुली पेटत्या ठेवल्या. हा व्यवसाय आता पूर्वीसारखा उरलेला नाही. तरीही उन्हाळ्यात तेंदूपत्ता संकलनावर अवलंबून असलेली घरे आहेत, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या भगिनी आहेत. ज्या घरात पत्नी बिडी वळते आणि पती बिडी ओढतो, तेथे वैद्याने बिडीस विष म्हटले की ते त्या घरास कसे ऐकू येत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. बिडीवर टीका करणारा वैद्य त्यांना पोटावर पाय देणारा वाटतो. अशा घरात विषय काढताना 'बिडी' न म्हणता 'तुमचा दम' म्हणावे, असा माझा अनुभव आहे.

दुसरा अडथळा समजुतीचा. बिडी ही झाडाच्या पानाची, देशी, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, असे सुशिक्षित माणसेही बोलतात. आपल्यापैकीही काहींचे तसे मत असल्याचे ऐकले आहे. वस्तुतः बिडीत तंबाखू थोडी असली तरी तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही आणि बिडी वारंवार विझू पाहते. ती पेटती ठेवण्यासाठी अधिक झुरके आणि अधिक खोल झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांची मात्रा सिगारेटपेक्षा कमी पडत नाही, उलट वाढते. डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या भारतव्यापी अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटलेले आढळले.

येथे एक खुलासा करावयास हवा. वरील सर्वेक्षणात महाराष्ट्रातील केवळ ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडे खरी लाट खर्ऱ्याची आहे, हे कोणत्याही पानठेल्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते. मग धूम्रपानावर लेख कशासाठी? एक तर जे बिडी ओढणारे उरले आहेत ते बहुधा वयस्क, जुने आणि श्वासाने त्रस्त असे आहेत, आणि आपल्या चिकित्सालयात नेमके तेच येतात. दुसरे असे की बिडी सोडणारा माणूस आपल्याकडे सहज खर्ऱ्याकडे वळतो आणि 'बिडी सोडली' म्हणून समाधान मानतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेल्या त्या मिश्रणाने तोंड उघडेनासे झालेले तरुण आपण सारेच पाहत आहोत. तेव्हा रुग्णाने बिडी सोडल्याचे सांगितले की अभिनंदन करण्यापूर्वी "आणि खर्रा?" हा प्रश्न विचारावा. स्त्रियांच्या बाबतीत गुडाखूचा विचारावा.

शास्त्राचा आधार

"तुमच्या आयुर्वेदातच धूमपान सांगितले आहे ना?" असे विचारणारा रुग्ण आपणा सर्वांस भेटला असेल. त्याचे उत्तर नीट देता आले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक आणि वैरेचनिक असे धूमपान वर्णिले आहे. ते औषधी द्रव्यांच्या वर्तीचे असून धूमनेत्रातून घ्यावयाचे आहे. त्याचे काळ ठरलेले आहेत, धूर मुखानेच सोडावा असा दंडक आहे, आणि अकाली किंवा अतिमात्र घेतल्यास बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त, शिरोभ्रम हे उपद्रव सांगून त्यांची चिकित्साही दिली आहे. तंबाखूचा तेथे संबंधच नाही. हे झाड पोर्तुगीजांच्या मार्गाने या देशात आले ते संहिताकाळानंतर कित्येक शतकांनी. बृहत्त्रयीत ते सापडणार नाही, योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथात तमाखूचा उल्लेख येतो. ज्या शास्त्राने औषधी धुरासही काळ, मात्रा आणि निषेध लावले, त्याचा दाखला दिवसाला चोवीस बिड्यांसाठी देता येत नाही.

पण शास्त्राचा खरा उपयोग याहून वेगळ्या ठिकाणी आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती आणि स्मृती या तिघींचा भ्रंश वेगवेगळा सांगितला आहे. हित-अहिताचा यथार्थ बोध होणे हे धीचे कार्य. अहिताकडे धावणाऱ्या मनास आवरून धरणे हे धृतीचे. आणि जे जाणले ते योग्य क्षणी आठवणे हे स्मृतीचे. आता वरील ९२.४ टक्क्यांकडे पुन्हा पाहावे. या रुग्णांची धी शाबूत आहे. चहा संपतो, मित्र बंडल पुढे करतो, त्या क्षणी स्मृती सुटते आणि धृती कमी पडते. आपण मात्र धीचीच चिकित्सा करीत राहतो: चित्रे दाखवितो, आकडे सांगतो, भय घालतो. भयाचा परिणाम चिकित्सालयाच्या दारापर्यंत टिकतो. बाहेर पडताच त्या भयाच्या उद्वेगावर उतारा म्हणून रुग्ण पहिली बिडी पेटवितो, हे मी खिडकीतून पाहिले आहे.

धृतीस आधार लागतो तो रुग्णाच्या स्वतःच्या जीवनातील एखाद्या इच्छेचा. यालाच आपण व्यवहारात प्रेरणा म्हणतो. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातील त्रिविध औषधांत सत्त्वावजयाची गणना आहे. मनास अहित विषयांपासून निवर्तविणे ही त्याची व्याख्या आपण परीक्षेपुरती पाठ केली, आणि बहुतेकांनी चिकित्सेत तिचा उपयोग करण्याचे सोडून दिले. पाश्चात्त्य वैद्यकात १९८३ साली विल्यम मिलर यांनी व्यसनी रुग्णांशी बोलण्याची जी पद्धत मांडली, तिचे सूत्रही असेच आहे की सोडण्याची कारणे चिकित्सकाने सांगू नयेत, रुग्णाच्या तोंडून निघू द्यावीत. माणूस दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढतो, स्वतः उच्चारलेले सहसा खोडत नाही.

प्रश्न कसे विचारावेत

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. नाडी पाहताना, औषध बांधताना हे प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न अनपेक्षित वाटेल. "बिडीने तुम्हाला काय मिळते?" रुग्ण क्षणभर गोंधळतो, कारण हे त्यास आजवर कोणी विचारलेले नसते. मग तो सांगू लागतो: सकाळी पोट साफ होते, शेतात बसायला निमित्त मिळते, चार माणसांत बसता येते. हे सर्व ऐकून घ्यावे, खोडू नये. त्यानंतरच "आणि काय जाते?" असे विचारावे. या क्रमाने विचारले असता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे येते.

दुसरा प्रश्न मी आण्यांत विचारतो. आपल्याकडील वयस्क मंडळींस दहापैकी गुण देणे जमत नाही, सोळा आण्यांचा हिशेब मात्र लगेच समजतो. "सोडावी अशी इच्छा सोळा आण्यांपैकी किती आणे?" रुग्ण म्हणतो, "सहा आणे असेल जी." येथे आपली जीभ चटकन विचारू पाहते, "सहाच का?" तसे विचारू नये, कारण त्यावर तो बिडीची बाजू मांडू लागतो. "दोन आणे का नाही? सहा कुठून आले?" असे विचारावे. मग तो सोडण्याची बाजू मांडतो, आणि त्या उत्तरातच त्याची प्रेरणा असते. ती त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून ठेवावी. 'रुग्णास समुपदेशन केले' अशी नोंद निरुपयोगी आहे.

तिसरा प्रश्न मात्रेचा. झोपेतून उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आत असेल तर निकोटीनचे अवलंबित्व तीव्र समजावे. अशा रुग्णास केवळ मनोबलावर सोडून देणे हा अन्याय आहे.

पूर्वी सांगितलेले गृहस्थ तीन वर्षांनी परतले तेव्हा मी या पद्धतीने विचारले. त्यांनी कर्करोगाचे नाव काढले नाही, पैशांचेही नाही. ते म्हणाले, "दंडारीत आवाज तुटते जी." दिवाळीनंतरच्या मंडईत त्यांच्या गावची दंडार उभी राहते, आणि तरुणपणापासून ते तिच्यात गात असत. दोन वर्षांपासून श्वास पुरत नाही म्हणून ते मागे बसून टाळ वाजवीत. भिंतीवरील फुप्फुसाच्या चित्रापेक्षा ही गोष्ट त्यांना कितीतरी अधिक लागलेली होती, आणि तीन वर्षांपूर्वी मी विचारले असते तर तेव्हाही कदाचित त्यांनी असेच काही सांगितले असते.

कारणे अशीच असतात. कोणास वारीला पायी जावयाचे असते, कोणाच्या घरी क्षयाचा रुग्ण आहे, कोणास सून बोललेली असते. वैद्यास क्षुल्लक वाटणारे कारणही रुग्णाचे असेल तर तेच घ्यावे. वयस्क रुग्ण "आता या वयात काय फरक पडणार?" असे म्हणतात, त्यांच्यासाठी एक माहिती हाताशी असावी. १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांवर चाललेल्या अभ्यासाचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांस सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांस ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांस सुमारे १० वर्षे आयुष्य अधिक लाभले. उशीर झाला असे कोणत्याच वयास म्हणता येत नाही.

क्रमाक्रमाने की एकदम?

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम आपणा सर्वांस परिचित आहे. अंगवळणी पडलेले अहित एकाएकी न सोडता पादापादाने सोडावे, आणि जो पाद अहिताचा काढला त्याच्या जागी हिताचा पाद ठेवावा. पाद म्हणजे चतुर्थांश की त्याचाही अंश, यावर परंपरेत मतभेद आहेत. याउलट २०१६ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका चाचणीत ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर धूम्रपानमुक्त होते, तर दोन आठवडे कमी करीत जाऊन सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के. मग शास्त्र चुकले काय?

माझे मत असे की आपण पादांशिक क्रमाचा अर्थच सैल करून ठेवला आहे. 'हळूहळू कमी करतो' असे म्हणणारा रुग्ण चोवीसवरून पंधरावर येतो, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत पंधरावरच राहतो. चरकांच्या क्रमात टप्प्यांमधील अंतर एक, दोन, तीन दिवसांचे आहे. शेवट ठरलेला आहे आणि तो जवळ आहे. शिवाय कमी करताना उरलेली प्रत्येक बिडी अधिक खोल ओढली जाते, त्यामुळे संख्या घटली तरी धूर तितका घटत नाही. म्हणून ज्यास एकदम सोडण्याची तयारी आहे त्यास अडवू नये. ज्यास ते भयावह वाटते त्याच्यासाठी चोवीस, अठरा, बारा, सहा आणि शून्य असा क्रम पंधरवड्याच्या आत बसवावा, आणि शून्याची तारीख आधी लिहावी. तारखेविना पादांशिक क्रम देणे म्हणजे बिडी चालू ठेवण्यास शास्त्राची अनुमती देणे होय.

तारीख रुग्णानेच निवडावी. आमच्या गृहस्थांनी मारबतीचा दिवस निवडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातील रोगराई आणि खोकला मारबतीबरोबर गावाबाहेर घालविण्याची आपली प्रथा आहे. उरलेले बंडल त्यांनी त्या पहाटे वेशीबाहेर टाकले. अशी कल्पना मला सुचली नसती.

पहिले दोन आठवडे

निकोटीन तुटल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तल्लफ एकेक वेळी काही मिनिटेच टिकते, हे रुग्णास आधी सांगून ठेवावे. चिडचिड, निद्रानाश, भूक वाढणे आणि मलावष्टंभ ही लक्षणे अपेक्षित आहेत. यांतील मलावष्टंभाकडे विशेष लक्ष द्यावे. 'बिडीशिवाय पोट साफ होत नाही' हे परतीचे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि तेथे आपल्या शास्त्राची मदत प्रत्यक्ष होते. पहिल्या दिवसापासूनच रात्री कोष्णोदकाबरोबर त्रिफळा, सकाळी उठताच कोमट पाणी आणि आहारात शाकभाज्या, असे नियोजन ठेवल्यास हे निमित्त उरत नाही. पादांशिक क्रमातील हिताचा पाद तो हाच.

तोंड गुंतविण्यासाठी बडीशेप, लवंग, वेलची, भाजलेला ओवा, ज्येष्ठमधाची काडी. ज्येष्ठमध सतत चघळल्यास रक्तदाब वाढतो, म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ते देऊ नये. सुपारी कोणत्याही रूपात नको. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांचा उपयोग निद्रा आणि मनःस्वास्थ्यासाठी युक्तीने अवश्य करावा, परंतु 'बिडी सोडविणारे औषध' म्हणून त्या देऊ नयेत. औषधाने सुटेल अशी रुग्णाची समजूत झाली की धृतीचे काम तो औषधावर टाकतो, आणि अपयश आले की शास्त्रावर.

चहाविषयी एक गोष्ट फारशी माहीत नसते. तंबाखूच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृतातील एक विकर उत्तेजित झालेले असते आणि त्यामुळे कॅफीन शरीरातून लवकर निघून जाते. धूर थांबला की हा वेग मंदावतो. तोच पाच वेळचा चहा आता अधिक चढतो, आणि धडधड व निद्रानाश वाढतो. रुग्ण त्याचा दोष बिडी सोडण्यास देतो. चहा निम्मा करावा. चहा आणि बिडी ही जोडी असल्याने तल्लफही त्यामुळे कमी होते.

हेच विकर थिओफिलिनचेही पचन करते. श्वासाचे अनेक रुग्ण आपल्या औषधांबरोबर थिओफिलिनच्या गोळ्या घेत असतात आणि ते आपणास सांगतातच असे नाही. धूम्रपान थांबल्यावर साधारण आठवड्याभरात तीच मात्रा अधिक होऊ शकते. मळमळ, वांती, कंप, हृदयाची धडधड दिसल्यास त्यास निकोटीन तुटल्याचा त्रास समजून दुर्लक्ष करू नये. तारीख ठरतानाच रुग्णास त्याच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावे. निकोटीनच्या गमने यात फरक पडत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे.

औषधविक्रेते मित्रांसाठी

खोकल्याचे औषध मागणारा ग्राहक अनेकदा वैद्याकडे न जाता थेट आपल्या दुकानात येतो. "बिडी ओढता का? सोडायचा विचार केला होता का कधी?" एवढे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. त्याने होय म्हटले तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा निःशुल्क क्रमांक द्यावा. तंबाखूच्या वेष्टनांवर तो १ सप्टेंबर २०१८ पासून छापला जात आहे, पण वेष्टन वाचणारा विरळा. चिठ्ठीवर लिहून हातात दिलेला क्रमांक खिशात राहतो.

निकोटीनचे गम देताना ते कसे घ्यावयाचे हे सांगावे. आपल्याकडील ग्राहक त्यास खर्ऱ्यासारखे चावत राहतो, लाळ गिळतो, मग उचकी आणि घशाशी जळजळ होते आणि गम 'सहन झाले नाही' असे ठरते. ते थोडे चावावे, झणझण जाणवताच गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवावे, पुन्हा थोडे चावावे, असे साधारण अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटे चहा किंवा आंबट पेय नको. गर्भिणी व अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. तोंड पुरेसे न उघडणाऱ्या खर्ऱ्याच्या रुग्णास ते चावता येत नाही, त्यास दाखविण्यास पाठवावे.

'वनौषधींची सिगारेट' किंवा 'तंबाखूविरहित बिडी' निरुपद्रवी म्हणून विकणे योग्य नाही. पान कोणतेही जाळले तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतातच, आणि ओठांशी धूर नेण्याची सवयही तशीच राहते. तसेच तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्टच्या उत्पादन-विक्रीवर १९९२ सालीच बंदी आली आहे. आयुर्वेदिक परवान्यावर निघणारी अशी उत्पादने हेच त्या बंदीचे लक्ष्य होते, ही बाब आपणास भूषणावह नाही. दुकानातील मुखवासाच्या पुड्यांत सुपारी आहे काय, हेही एकदा वाचून पाहावे.

पुन्हा भेट

लंडनमधील २८ सामान्य चिकित्सकांनी केलेला एक साधा प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. ज्या धूम्रपानी रुग्णांस काहीच सांगितले नाही त्यांपैकी वर्षभर धूम्रपानमुक्त राहिले ०.३ टक्के. ज्यांना दोन मिनिटे सल्ला दिला, एक पत्रक दिले आणि पुढे तुमची चौकशी केली जाईल असे सांगितले, त्यांपैकी ५.१ टक्के. शंभरात पाच हा आकडा लहान वाटेल. परंतु आपल्या संघटनेतील प्रत्येक वैद्याने रोज केवळ दोन रुग्णांना असे विचारले तर वर्षाअखेर जिल्ह्यात काय होईल, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. यात औषधाचा एक रुपयाही खर्च नाही. पुन्हा चौकशी होणार आहे ही जाणीव म्हणजेच रुग्णाच्या स्मृतीस दिलेला आधार होय.

म्हणून ठरलेल्या तारखेनंतर तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्याने रुग्णास बोलवावे किंवा फोन करावा. विमानस्थानातील सत्त्वपरीक्षेत मध्यमसत्त्व व्यक्ती दुसऱ्यांकडे पाहून आणि दुसऱ्यांच्या आधाराने सहन करू शकतात असे सांगितले आहे. आपले बहुसंख्य रुग्ण मध्यमसत्त्व आहेत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने चाललेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमाने गावसंघटना आणि तालुका पातळीवरील व्यसन उपचार क्लिनिक यांची जोड दिली, तीही याच गरजेतून. आपल्याकडे निदान एवढे करता येईल की पूर्वी बिडी सोडलेल्या एखाद्या रुग्णाची, त्याच्या संमतीने, नव्याशी गाठ घालून द्यावी.

बिडी वळणाऱ्या घरात प्रश्न अधिक अवघड असतो, कारण तेथे तंबाखू घरातच पडलेली असते. आमच्या गृहस्थांच्या पत्नीही बिड्या वळीत. त्यांना काम सोडा असे मी म्हटले नाही, म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता. माझ्याशी बोलताना त्यांनीच तोडगा काढला. दोन महिने त्या सूप घेऊन शेजारणीच्या ओसरीवर बसल्या, आणि एकही बिडी घरी आणली नाही. तंबाखूच्या धुळीने त्यांनाही कास होता हे या निमित्ताने कळले. तोवर त्यांना तपासण्याचे कोणास सुचलेच नव्हते.

पाचव्या आठवड्यात एका तेरवीच्या जेवणानंतर गृहस्थांनी बिडी ओढली, आणि नंतर तीन दिवस ओढीत राहिले. सातव्या दिवसानंतरच्या भेटीची सवय झालेली असल्याने ते स्वतःच आले. मान खाली होती. मी केसपेपर उघडून त्यांचे 'आवाज तुटते' हे वाक्य वाचून दाखविले आणि तेरवीला नेमके कोठे, कोणाजवळ बसला होतात, एवढेच विचारले. पुढच्या खेपेस जेवण झाल्यावर पंगतीतून उठून घराकडे चालू लागायचे असे त्यांनी ठरविले. नवी तारीख त्याच दिवशी, त्यांच्याच हाताने लिहून घेतली. त्या वर्षी मंडईत त्यांनी एकट्याने गायिले नाही, मात्र टाळ खाली ठेवून ते झिलकऱ्यांत उभे राहिले. जुना श्वास पूर्ण बरा झालेला नाही. वातावरण ढगाळ झाले की ते अजूनही येतात, आणि आल्याबरोबर आधी आण्यांचा हिशेब सांगतात.